विनंती-पद्धती, जालसंवादातील

महाजालावर माहिती मागणारा संगणक व ती पुरविणारा सर्व्हर यांच्यातील संवादात मागणीचा हेतू सांगणारे ठराविक आज्ञाशब्द. ब्राउझरकडून निघालेल्या प्रत्येक विनंतीच्या प्रारंभी असा एक शब्द असतो.

पाहणे व बदलणे यांतील भेद हा या पद्धतींचा पाया होय. महसुली व्यवहारात हा भेद जुनाच आहे. पेण किंवा रोहा तालुक्यातील जमिनीचा सातबारा कितीही वेळा पाहिला, तरी अभिलेखात फरक पडत नाही. खरेदीमुळे किंवा वारसाहक्काने धारक बदलल्यास मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये फेरफार नोंदवहीत नोंद, हितसंबंधितांना सूचना व अधिकाऱ्याचे प्रमाणन हे टप्पे पार पडावे लागतात.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत एचटीटीपी हा संदेशनियम तयार केला. त्याच्या १९९१ च्या प्राथमिक रूपात ‘गेट’ ही एकच पद्धती होती. तिने केवळ दस्तऐवज मागविता येई. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १·० आवृत्तीत ‘गेट’सह तीन पद्धती निश्चित झाल्या. ‘हेड’ने दस्तऐवजाविना त्याचा तपशील मिळतो, तर ‘पोस्ट’ने भरलेला अर्ज सर्व्हरकडे सोपविता येतो. १·१ आवृत्तीच्या जून १९९९ मधील सुधारित रूपात पद्धतींची संख्या आठ झाली. तीतील ‘पुट’ने मजकूर ठेवला वा बदलला जातो व ‘डिलीट’ने काढून टाकला जातो. अंशतः बदलासाठी ‘पॅच’ची भर मार्च २०१० मध्ये पडली.

‘गेट’ ही निर्धोक पद्धती मानली जाते. ‘पुट’ व ‘डिलीट’ निर्धोक नाहीत. तथापि त्यांची पुनरावृत्ती झाली, तरी अपेक्षित परिणाम एकदाच केल्यासारखा राहतो. ‘पोस्ट’ला अशी हमी नाही. म्हणूनच तोच अर्ज दोनदा पाठविल्यास दोन नोंदी होण्याचा किंवा शुल्क दोनदा भरले जाण्याचा संभव असतो. शिवाय ‘गेट’मधील तपशील सामान्यतः पत्त्यातच दिसत असल्याने खाजगी माहिती त्याद्वारे पाठविणे इष्ट नसते.

हे संकेत पाळण्याची जबाबदारी संकेतस्थळ रचणाऱ्यावर असते. केवळ शब्दामुळे संरक्षण मिळत नाही. २००५ मध्ये गूगल कंपनीने आणलेले ‘वेब ॲक्सेलरेटर’ हे साधन वेग वाढविण्यासाठी पृष्ठावरील दुवे वाचकाने निवडण्यापूर्वीच ‘गेट’ने मागवून ठेवी. काही संकेतस्थळांनी नोंद पुसण्याची क्रियाही साध्या दुव्यावर ठेवली होती. परिणामी वापरकर्त्याने न सांगताच तेथील नोंदी नष्ट झाल्या.

महाराष्ट्रातील सातबारा ‘महाभूलेख’ या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडून पाहता येतो. त्यामुळे मुंबईत स्थायिक झालेल्या पेण-रोह्याच्या खातेदारास केवळ उतारा पाहण्यासाठी गावी जावे लागत नाही. अशा अभिलेखांच्या बाबतीत पाहण्याच्या विनंतीने नोंद बदलू नये व बदलाची विनंती अधिकार तपासल्याविना स्वीकारली जाऊ नये, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या ठरतात.