गुंज : पाल्यात गोडवा, बियांत विष

गुंज (शास्त्रीय नाव ॲब्रस प्रिकेटोरियस) ही शिंबावंत कुळातील बहुवर्षायू वेल होय. रानात, कुंपणांवर व झुडपांवर ती चढलेली आढळते. पाने संयुक्त, साधारणतः चिंचेच्या पानांसारखी असून फुले फिकट गुलाबी ते जांभळी असतात. शेंग तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते. ती वाळून तडकली की लालभडक, एका टोकाशी काळा ठिपका असलेल्या बिया दिसू लागतात. पांढऱ्या बियांचीही एक जात आहे. संस्कृतात या बीला रक्तिका असेही म्हणतात. त्यावरूनच 'रत्ती' हा शब्द आला. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा, या जुन्या कोष्टकानुसार एका गुंजेचे वजन सुमारे ०.१२ ग्रॅम भरते.

पानांतील घटक

गुंजेचा पाला चवीला गोड असतो. विड्यात तो आवडीने घातला जातो, तसेच तोंड आल्यास किंवा आवाज बसल्यास चघळला जातो. ज्येष्ठमधात असणाऱ्या ग्लिसिरायझिनमुळे ही गोडी येते, असे पूर्वी मानले जाई. १९८९ मध्ये मात्र पानांतून अब्रुसोसाइड नावाची चार नवी संयुगे वेगळी करण्यात आली. रासायनिकदृष्ट्या ती ट्रायटर्पीन ग्लायकोसाइड गटातील असून साखरेपेक्षा सुमारे ३० ते १०० पट गोड आहेत.

बियांतील घटक

बियांत अब्रिन हे अत्यंत जहाल विषारी प्रथिन असते. एरंडाच्या बियांतील रायसिनशी त्याचे जवळचे साम्य आहे. त्याचा रेणू दोन साखळ्यांचा बनलेला असतो. 'बी' साखळी पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून विषाला आत शिरण्यास मदत करते, तर 'ए' साखळी पेशीतील रायबोसोम निकामी करते. परिणामी प्रथिननिर्मिती थांबून पेशी मरते. याच बियांत 'अब्राईन' हे अमिनो आम्लवर्गीय संयुगही आढळते. नावे सारखी असली तरी हे दोन पदार्थ संपूर्णतः भिन्न आहेत. गुंजेची घातकता मुख्यतः अब्रिनमुळे आहे.

गुंजेचे कवच अतिशय कठीण असते. त्यामुळे अखंड गिळलेली बी बहुधा तशीच शरीराबाहेर पडते. परंतु चावलेली, कुटलेली वा भोक पाडलेली बी प्राणघातक ठरू शकते. माळा व ब्रेसलेटसाठी बिया ओवताना कवच भेदले जाते, ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. अशाच कारणावरून २०११ मध्ये ब्रिटनमध्ये या बियांची ब्रेसलेट विक्रीतून परत मागवण्यात आली होती.

औषधी उपयोग व इतिहास

आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत होते. दुधात किंवा कांजीत शिजवून शोधन केल्याशिवाय बी औषधात वापरत नाहीत. उष्णतेने अब्रिन नष्ट होते, हे आधुनिक ज्ञान या प्रक्रियेशी जुळणारे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील विषारी द्रव्यांच्या 'ई-१' या यादीत गुंजेच्या बियांचा समावेश आहे. दुसरीकडे, याच विषाने वैद्यकशास्त्राला मोलाचे ज्ञान दिले. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये अब्रिन व रायसिनची अल्प मात्रा उंदरांना देत देत त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण करून दाखवली. प्रतिविषांच्या अभ्यासाला त्यातून चालना मिळाली.

खबरदारी

'गुंज औषधी आहे' हे विधान म्हणूनच अपुरे ठरते. वेलीचा कोणता भाग, हे सांगणे अगत्याचे आहे. पाला गोळा करताना त्यात शेंगा वा बिया मिसळणार नाहीत, याची काळजी घ्यावी. केसांच्या किंवा त्वचेच्या तक्रारींसाठी बिया घरी कुटून लेप करू नयेत. आकर्षक रंगामुळे मुले या बिया तोंडात घालतात. त्या त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. विषबाधेची लक्षणे, म्हणजे उलट्या, जुलाब व पोटदुखी, काही तासांनी, प्रसंगी दिवसभरानेही दिसू लागतात. अब्रिनवर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. त्यामुळे बी चावल्याची नुसती शंका आली तरी, मूल ठणठणीत दिसते म्हणून वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि शक्य असल्यास उरलेली बी डॉक्टरांना दाखवावी.