उंबरठ्याबाहेरचा धनको

काशीदहून उत्तरेस रेवदंड्याकडे जावे वा दक्षिणेस मुरूडकडे, बेने इस्रायल समाजाच्या जुन्या वस्तीच्या खुणा वाटेत भेटतात. रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालविणारा हा मराठीभाषक यहुदी समाज. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे बहुतेक कुटुंबे मुंबईला, इस्रायलला गेली. आठवड्यातून एक दिवस नफ्याला विश्रांती देणाऱ्या ज्या शास्त्राचा हा आचार, त्याच शास्त्राने ऋण देणाऱ्याच्या हातालाही मर्यादा घातली आहे.

बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४ वा अध्याय पाहावा. जाते, किंबहुना त्याचा नुसता वरचा दगडही गहाण घेऊ नये. ते घेणे म्हणजे माणसाचे जगणेच गहाण घेणे. गहाणवस्तू आणण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण सूर्यास्ताला परत करावे. ‘निर्गम’ या पुस्तकात गरीब बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई आहे. व्याजाचा हिब्रू शब्द ‘नेशेख’ हा ‘चावणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे. परक्याकडून व्याज घेण्याची मुभा हेच शास्त्र देते, हेही नोंदविले पाहिजे.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रपरंपरा सांगते. तो संताचा त्याग. येथे सामान्य धनकोकडून संतत्वाची अपेक्षा नाही. उंबरठ्याशी थांबण्याची आहे.

ही मर्यादा सुटली की काय होते, हे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसले. कापसाची तेजी ओसरलेली, शेतसारा वाढलेला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः सावकारांकडील खतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खतामागील व्यवहार तपासण्याचा मार्ग न्यायालयांना खुला केला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आजही ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची निर्वाहापुरती गुरे आणि बियाणे जप्तीपासून वाचविते. हा कायदा बायबलातून आला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जाते त्यातही सुरक्षित आहे.

करुणा म्हणजे कर्ज बुडू देणे नव्हे. फेडणाऱ्याला फेडण्याजोगा राहू देणे, एवढेच ती मागते. तेल्याचा घाणाच गहाण पडला, तर तेल गाळायचे कशात, आणि फेड करायची कशातून?