अंगठा आणि साठ दिवस

पडघ्याला आग्रा रोडच्या कडेला बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. एकदा वीटभट्टीवरची एक कातकरी बाई कागद घेऊन आली. म्हणाली, "दादा, पोराला बोर्डिंगात ठेवलंय. भेटायला कधी जायचं, ते यात लिवलंय का?"

कागद वाचला आणि घशाला कोरड पडली. ते बोर्डिंगाचं पत्र नव्हतं, समर्पणपत्र होतं. पोरावरचा हक्क आपण सोडतोय, त्याला दत्तक द्यायला आपली हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं. खाली तिचा अंगठा. नवरा मेलेला, अंगात ताप, भट्टीची उचल फिटलेली नाही. कुणीतरी तिला संस्थेची वाट दाखवली. "समितीपुढं सायबानं इचारलं. मी मान हालवली," ती म्हणाली.

आईबापाचा हक्क तुटतो तरी कसा? मी जुने कायदे, जुने निकाल धुंडाळायला लागलो.

साल १८४३, मुंबई. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचा, मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. बाप सुप्रीम कोर्टात गेला. पोराला परत जायचं नव्हतं, पण ते अज्ञान म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. बाटलेल्या पोराला जातीत घ्यायचं की नाही, यावर ब्राह्मणांत रण पेटलं. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणून उभे राहिले. निकाल बरा की वाईट, ते सोडा. त्या बापाला कोर्ट होतं. त्याच्या हक्काचा तराजू चारचौघांत धरला गेला.

आता दुसऱ्या बापांकडं बघा. १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा. सहा ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून तोडून सरकारी शाळेत टाकायची मुभा त्यानं सरकारला दिली. बापाचा गुन्हा शाबीत व्हायला नको, त्याची जमात यादीत असली की पुरे! ना खटला, ना वकील. सोलापूरच्या सेटलमेंटीत तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, ती याच कायद्याखाली. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

तिसरा बाप कर्जात बुडालेला. उचल घ्यायची आणि पोर सावकाराकडं कामाला बांधायचं. १९३३ च्या कायद्यानं असा करार बेकायदा ठरवला. दंड बापाला ५० रुपयांपर्यंत, मालकाला २०० रुपयांपर्यंत. पण बापाची उचल कोण फेडणार, हे त्यात कुठंच नव्हतं.

मग आलं १९५६. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा २५ ऑगस्टला लागू झाला. जो हिंदू राहिला नाही, तो आपल्या पोराचा नैसर्गिक पालक म्हणून वागू शकत नाही, असं कलम ६ सांगतं. पुढं पन्नासच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला लाखो आईबापांनी हिंदू धर्म सोडला! त्यांचं पालकपण गेलं नाही, कारण हाच कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलातही बौद्ध धरलेले होते. पण आपल्यातलाच जो ख्रिस्ती वा मुसलमान झाला, त्याच्यावर ते कलम लटकतंच.

कोर्टांनी चांगलं केलंच नाही, असं मी म्हणत नाही. परदेशी दत्तकाच्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ साली सुप्रीम कोर्टानं बजावलं, की आईवर दाब नको, परिणाम तिला समजावून सांगा, बाळंतपणानंतर तीन महिने तिला निर्णय करू देऊ नका. १९९९ च्या गीता हरिहरन निकालानं बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते, हे मानलं. तिकडं अमेरिकेत सँटोस्की खटल्यात १९८२ साली ठरलं, की आईबापाचा हक्क कायमचा तोडायचा तर सरकारनं स्पष्ट आणि पटेल असा पुरावा द्यावा.

आपल्याकडं गरिबाचा हक्क पुराव्यानं तुटत नाही, सहीनं तुटतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समर्पणपत्र बाल कल्याण समितीपुढं होतं. फेरविचाराला साठ दिवस. ते सरले की पोर दत्तकाला मोकळं. दत्तकाचा हुकूम पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्याकडं गेलं. अनाथ लेकराला घर मिळावं, याला माझी ना नाही. पण ज्याची आई भट्टीवर जिवंत आहे, ते अनाथ कसं?

मी कागदावरची तारीख पाहिली. बोटं मोजली. एकेचाळीस दिवस झाले होते. त्याच रात्री अर्ज लिहिला, तिला वाचून दाखवला, समजलं का म्हणून दोनदा विचारलं. सत्तेचाळिसाव्या दिवशी आम्ही समितीपुढं उभे राहिलो. या वेळी तिनं मान हलवली नाही. तोंडानं बोलली, "माजं पोर मला पायजे."

चौकशी झाली, खेटे झाले, पोर परत आलं. पण उचल तशीच आहे, भट्टीही तीच.

दोस्तहो, तुमच्या वस्तीत असा कागद आला तर आधी तारीख बघा. मग तो आईला मोठ्यानं वाचून दाखवा, तिच्या बोलीत.