उभ्या विमानाचा धाक

लिंबायतच्या आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट इतका, की वरून विमान गेलं तरी कोणी मान वर करत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका छोट्या विमानतळावर विमानापर्यंत पायी चालत जायचा योग आला. विमान लहान, पंख्याचं. फोटो काढायला मी रांग सोडून दोन पावलं बाजूला गेले, तोच पिवळं जाकीट घातलेला एक पोरगा शिट्टी फुंकत धावला. "काकू, पदर आवरा, रेषेच्या आत या!" चारचौघांत फार लाज वाटली. रागही आला. घरी आल्यावर मात्र या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

विमान जिथे उभं करतात त्या फरसबंद जागेला 'एप्रन' किंवा 'रॅम्प' म्हणतात. आपल्याकडे ही जागा फार साधी होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले ते अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून तेवढे महिने काम पुण्याहून चाले. त्या काळची हलकी विमानं वाऱ्याने उलटू नयेत म्हणून दोरांनी जमिनीला बांधत. गुरं दावणीला बांधावीत तशी. लहान विमानं आजही बांधतात, आणि चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावतात.

पुढे इंजिनं मोठी झाली आणि धाकही वाढला. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. जेटचं इंजिन पुढून माणसाला ओढून घेतं आणि मागून उडवून देतं. विमानाच्या पाठीवर, पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा आता होणार, असं समजायचं. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईत हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात जमिनीवरचा एक तंत्रज्ञ ओढला गेला. ज्याचं रोजचं कामच ते, त्याचा जीव गेला. मग आपली काय कथा?

कचऱ्याचंही तसंच. २५ जुलै २००० ला पॅरिसच्या धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची जेमतेम हातभर पट्टी पडली होती. तिने कॉन्कॉर्डचा टायर फुटला, आग लागली, ११३ माणसं गेली. म्हणून तर विमानतळावरची माणसं ओळीने चालत खिळे, स्क्रू, प्लास्टिक वेचतात. आणि आपलं सुरत? ६ नोव्हेंबर २०१४ ला इथल्या धावपट्टीवर दिल्लीला निघालेल्या विमानाला म्हैस धडकली. प्रवासी वाचले, बिचारं मुकं जनावर गेलं. अहमदाबादला बैल विमानापाशी कामाला आले होते. इथे मोकळं जनावर आत शिरलं आणि अनर्थ झाला.

मैत्रिणींनो, खरं सांगू? विमान उडतं तेव्हा आपण देवाचं नाव घेतो, आणि ते उभं असतं तेव्हा मात्र बिनधास्त असतो. तिथेच चूक होते. रंगवलेल्या रेषेतूनच चाला, पदर-ओढणी खोचून घ्या, मुलांचा हात सोडू नका, चॉकलेटचा कागदसुद्धा खाली टाकू नका. पंखाखालून वाट काढू नका.

त्या दिवशी त्या पोराला मी साधं "थँक्यू" पण म्हटलं नाही. उलट तोंड फिरवून जिना चढले. ते माझ्या मनात राहिलंय.