मॅट्रिक ते कॉलेज : पंचवीस रुपयांचा इतिहास

गडबच्या स्टॉपवर एस.टी.ची वाट बघत उभं राहिलं की दोन दिशा. उत्तरेला वडखळ, पेण आणि मग मुंबई. दक्षिणेला नागोठणे, कोलाड, माणगाव आणि त्याच्या पुढे लोणेरे. लोणेऱ्याला १९८९ साली तंत्रशास्त्राचं विद्यापीठ झालं, बाबासाहेबांच्या नावाचं. त्याच रस्त्याने अजून पुढे गेलं की महाड. तिथे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. म्हणजे तळं पण आमच्याच जिल्ह्यात आणि विद्यापीठ पण आमच्याच जिल्ह्यात, एकाच डांबरी रस्त्यावर. तरी आमच्या वस्तीतली पोरं बारावी झाली की त्या रस्त्याने शिकायला जात नाहीत. कंपनीच्या गेटवर जातात, ठेकेदाराच्या मागे. मी भाताच्या गिरणीत गेलो.

मी काही इतिहासकार नाही. दिवसभर कोंडा नाकातोंडात जातो, रात्री वाचतो. पण मॅट्रिक आणि कॉलेज यांच्या मधल्या उंबऱ्याचा इतिहास कुणीतरी हिशेबासकट मांडायला पाहिजे असं वाटलं, म्हणून लिहितोय.

बाबासाहेबांचं नाव घेतलं की आपले वक्ते माइक धरून सांगतात, अलौकिक बुद्धिमत्ता. बरोबर आहे. पण नुसत्या बुद्धीने कॉलेजच्या पायऱ्या चढता येत असत्या तर आपल्या वस्तीतून अर्धी पोरं चढली असती. बुद्धीच्या मागे काय काय उभं होतं ते बघू.

साताऱ्याला असताना लहान भीमाने ठरवलं होतं, मुंबईला पळायचं आणि गिरणीत कामाला लागायचं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवायचा बेत केला. रात्रीमागून रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात कोण मुंबईला जातो? तेव्हा त्याने ठरवलं की आता अभ्यासच करायचा. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. गिरणीत पोती उचलताना मला ती हटकून आठवते. पिशवीत चार रुपये निघाले असते तर?

पुढे सुभेदार रामजी पोरांना घेऊन मुंबईला आले. परळची डबक चाळ. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच जातं, त्यातच शेळी. पोराला झोपायला जागा नाही म्हणून बाप जागा राहायचा, रात्री दोनला त्याला उठवायचा आणि मग त्या जागेवर स्वतः आडवा व्हायचा. पोरगा मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास करायचा. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होतं, पण फळ्याजवळ गणित सोडवायला बोलावलं तर बाकीची पोरं फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली. संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घेतलं.

आता जो मुद्दा वक्ते सांगत नाहीत तो. रामजींना दोन पोरांचं शिक्षण झेपेना. म्हणून थोरला आनंदराव शाळा सोडून कामाला लागला आणि धाकटा शिकला. आनंदरावांची जयंती नाही, पुतळा नाही. आपण सगळे त्या आनंदरावाच्या जातीचे, दोस्तहो. कुणाच्या तरी फीसाठी कुणीतरी शाळा सोडलेलीच असते. बहुतेक वेळा ती बहीण असते, आणि तिची तर कुठे नोंदच होत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. टक्केवारी काढा, सदतीस-अडतीसच्या मधे येते. आज एवढ्या टक्क्यांचा कागद घेऊन चांगल्या कॉलेजच्या खिडकीशी गेलात तर आतला माणूस मान वर करून बघणार नाही. आणि आपल्याला ‘मेरिट’ शिकवणारे हेच आकडे तोंडावर फेकतात. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठच घ्यायचं, म्हणजे ती पास होणं हेच विद्यापीठाचं दार होतं. दार उघडलं, पण आत पाय ठेवायला पैसे?

मॅट्रिकबद्दल सत्काराची सभा झाली. अध्यक्ष सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले. सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकर विल्सन हायस्कुलात मास्तर. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा पोरगा त्यांनी हेरला होता. ह्या सभेतली दोन्ही माणसं पुढे कामाला आली. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला तो ह्याच बोल्यांनी, आणि त्याच ठरावाच्या आधारावर महाडचं तळं कागदावर खुलं झालं. कागदावरचं पाणी प्यायला मग चार वर्षांनी माणसांना मार खावा लागला, ते वेगळं.

आणि केळुसकर. १९०८ ला भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले खरे, पण बापाच्या पेन्शनीत कॉलेज बसेना. मधेच अडलं. केळुसकर त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. प्राध्यापक म्युलर पुस्तकं द्यायचे, कपडे द्यायचे. कॉलेजातला हॉटेलवाला मात्र चहा तर सोडाच, पाणीही द्यायचा नाही. १९१२ ला बी.ए. झाले, १९१३ ला पुन्हा बडोद्याच्याच पैशावर कोलंबियाला गेले.

शिकायचं थांबवलेला एक भाऊ, दुसऱ्या जातीतला एक मास्तर, आणि दर महिन्याला हातात पडणारे पंचवीस रुपये. ‘दर महिन्याला’ ह्या शब्दावर मी बोट ठेवतो. माझ्या वेळी शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. खिडकीवरचा म्हणाला, “आधी फी भर, आली की परत मिळेल.” कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून काय उपयोग. आईने भरायला कुठून आणायची? शिष्यवृत्ती आली तेव्हा वर्ष संपलेलं होतं आणि मी गिरणीत पोती मोजत होतो. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ ला सुरू झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पंचवीस रुपयांवर शिकलेल्या माणसाला ती कशासाठी पाहिजे होती हे त्या खिडकीला कुणीतरी सांगा.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती घड्याळाची. ८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. सुरुवातीला लष्कराच्या बराकीत. आणि वर्ग ठेवले सकाळी, म्हणजे पोराने कॉलेज करून दिवसा नोकरी करावी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. बाकीची कॉलेजं वेळापत्रक ठरवताना प्राध्यापकाचं जेवण बघतात. इथे एका माणसाने कारकुनाची, कामगाराची हजेरी डोळ्यापुढे ठेवून कॉलेजची घंटा लावली. चळवळीतली किती माणसं त्या सकाळच्या वर्गातून आली! १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, ते पुढे मिलिंद झालं. ज्या मराठवाड्यात खेड्यातल्या पोराला हायस्कूलच दिसत नव्हतं, तिथे वसतिगृहासकट कॉलेज. आणि तिथल्याच विद्यापीठाला त्याच माणसाचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला तर घरं जाळली, माणसं मारली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. सोळा वर्षं. एका पोराची बालवाडी ते बी.ए. तेवढ्यात होते.

आता मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. पुस्तकं गिरणीत नेतो, लाइट गेली की पोत्यावर बसून वाचतो. मालक म्हणतो, “काय रे, मास्तर व्हायचंय काय?” मी बोलत नाही.

धाकटी बहीण यंदा बारावी झाली. तिला सकाळचं कॉलेज मिळालंय, पहाटेची गाडी धरावी लागते. आई म्हणाली, “तू नाही शिकलास तर ती कशाला?” मी म्हणालो, “मी नाही शिकलो म्हणूनच.” तिच्या पासाला आणि फीला मालकाकडून उचल घेतलीय, पाच महिने पगारातून कापली जाईल. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झालाय. पहिल्या दिवशी मीच तिला स्टॉपवर सोडायला गेलो. अंधार होता. गाडी आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली. मी तसाच गिरणीकडे वळलो, सातची हजेरी होती.