एका सुट्या भागाची किंमत

१/ २४ ऑक्टोबर १९११. अंटार्क्टिकातील केप इव्हान्सच्या तळावरून दोन मोटार-स्लेज दक्षिणेकडे निघाल्या. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेची ही आघाडीची तुकडी. सोबत चौघे: उपप्रमुख लेफ्टनंट टेडी इव्हान्स, मोटार-अभियंता बर्नार्ड डे, विल्यम लॅशली आणि हूपर.

२/ बर्मिंगहॅमच्या वूल्झली कंपनीने बांधलेल्या या गाड्यांना चाकांऐवजी साखळीपट्टे होते आणि इंजिन हवेने थंड होणारे होते. मागे दोराने जोडलेल्या स्लेजवर अन्न, पेट्रोल आणि टट्टूंचा चारा लादलेला असे. तिसरी गाडी जानेवारीत जहाजावरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली होती.

३/ या गाड्यांच्या जडणघडणीत रेजिनाल्ड स्केल्टन या नौदल अभियंत्याचा मोठा वाटा होता. मात्र त्यांचा हुद्दा इव्हान्स यांच्यापेक्षा वरचा असल्याने इव्हान्स यांनी हरकत घेतली आणि स्केल्टन यांना मोहिमेतून वगळण्यात आले. यंत्रे गेली; त्यांचा जाणकार इंग्लंडमध्येच राहिला.

४/ निघण्याच्या आठवडाभर आधीच एका गाडीच्या आसाचे आवरण फुटले होते. वाटेत नवा पेच उभा राहिला. ओझे ओढताना सिलिंडर अतोनात तापत, म्हणून थांबावे लागे. थांबले की कार्ब्युरेटर गारठे आणि इंजिन सुरू होईना.

५/ मग बिघडले बिग-एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा जेथे क्रँकशाफ्टला जोडला जातो तेथील भाग. लॅशली यांच्या गाडीत तो बदलता आला. पण सुटा भाग एकच होता, आणि तो तेथेच खर्ची पडला.

६/ लगेच डे यांच्या गाडीचेही बिग-एंड मोडले. इंजिन उघडून ते उरलेल्या तीन सिलिंडरांवर चालवणे शक्य होते, पण त्यात फार वेळ गेला असता. गाडी बर्फातच सोडण्यात आली. १ नोव्हेंबरला कॉर्नर कॅम्पच्या पुढे दुसरीही कायमची थांबली.

७/ त्यांना निव्वळ अपयशी म्हणणे अन्यायाचे ठरेल. ५१ मैल, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर, त्यांनी सामान ओढले आणि तेवढ्या वाटेवर टट्टूंचा भार हलका केला.

८/ पुढचे ओझे मात्र माणसांनी खांद्याला पट्टे लावून ओढले. डे आणि हूपर नोव्हेंबरअखेर परतले. इव्हान्स आणि लॅशली ४ जानेवारी १९१२ पर्यंत दक्षिणेकडेच ओढत राहिले. परतीच्या वाटेवर इव्हान्स यांना स्कर्व्हीने गाठले. या रोगाचे मूळ कारण आहारात क जीवनसत्त्व नसणे. पण इतरांच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या या ओढणीने त्यांचे शरीर झिजले होते, हेही नाकारता येत नाही. टॉम क्रीन एकटे सुमारे ५६ किलोमीटर चालून मदत आणायला गेले, लॅशली रुग्णापाशी थांबले, म्हणून इव्हान्स वाचले. त्या दोघांना अल्बर्ट पदक मिळाले.

९/ ४६ वर्षांनी याच रॉस हिमपट्टावरून पुन्हा यंत्रे निघाली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी साधे फर्ग्युसन शेती-ट्रॅक्टर साखळीपट्टे लावून नेले. मागे स्लेज होत्या, हिमदरीत कोसळू नयेत म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधलेले होते, आणि मुख्य म्हणजे जिम बेट्स व मरे एलिस हे कसलेले यंत्रज्ञ सोबत होते. ‘वीझल’ नावाची चौथी गाडी बिघडून वाटेत टाकावी लागली. पण तिन्ही ट्रॅक्टर ४ जानेवारी १९५८ रोजी ध्रुवावर पोहोचले. तेव्हा इंधन जवळजवळ संपले होते.

१०/ लांब पल्ल्याच्या ओढणीत यंत्र बिघडणार, हे दोन्ही मोहिमांत सारखेच खरे ठरले. फरक पडला तो बिघाडाची तजवीज आधी किती केली होती, यामुळे. हिलरी यांचे ट्रॅक्टर ज्या हिमनदीवरून पठारावर चढले, तिचे नाव स्केल्टन हिमनदी. हे नाव त्याच अभियंत्याचे, ज्यांना १९१० मध्ये हुद्द्याच्या वादापायी मागे ठेवले गेले होते.