बोलेरोचे चित्र

मेंदू बिघडला की प्रतिभा जागी होते, अशी एक समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. कॅनडातील वैज्ञानिक ॲन ॲडम्स यांच्या हकिकतीवरून ती तपासून पाहू.

ॲडम्स यांचा जन्म १९४० चा. गणित, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या संशोधनात रमल्या. १९८६ मध्ये मुलाला मोटार अपघात झाला. त्याच्या शुश्रूषेसाठी त्यांनी काम थांबवले. मुलगा बरा झाला. पण त्या प्रयोगशाळेत परतल्या नाहीत, चित्रे काढू लागल्या.

१९९४ मध्ये त्यांनी फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल यांची ‘बोलेरो’ ही रचना रंगवली. एकच ताल, दोन सुरावटींची पुनःपुन्हा आवर्तने आणि चढत जाणारा आवाज, असे तिचे रूप आहे. ॲडम्स यांनी मात्रांच्या प्रत्येक गटासाठी एक उभा आयत काढला. आवाज मोठा तर आयत उंच. रंग स्वराच्या उंचीप्रमाणे. शेवटी रचना अचानक वेगळ्या पट्टीत शिरते. तिथे चित्रात नारिंगी व गुलाबी रंग उसळतात. आलेख काढणाऱ्याला ही रीत ओळखीचीच वाटेल.

सन २००० च्या सुमारास त्यांना बोलणे जड जाऊ लागले. मेंदूचा क्रमाक्रमाने क्षय होऊन वाचा जाण्याचा तो विकार होता. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डावीकडचा, भाषेशी निगडित असलेला पुढचा भाग झिजला होता. उजवीकडच्या मागच्या भागात निरनिराळ्या इंद्रियांकडून आलेली माहिती एकत्र गुंफली जाते. तिथे मात्र करडे द्रव्य व रक्तप्रवाह, दोन्ही अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. पुढच्या भागाचा अंकुश सैल झाल्याने मागच्याला वाव मिळाला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

राव्हेल यांनी ‘बोलेरो’ १९२८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रचली. पुढे त्यांचीही वाचा व लेखन गेले. चित्र रंगवताना ॲडम्सही जवळपास त्याच वयाच्या होत्या. हे साम्य मोह घालते, पण राव्हेल यांच्या आजाराचे नक्की निदान आजही झालेले नाही.

एका रुग्णावरून नियम निघत नाही. या विकाराचे बहुतेक रुग्ण गमावतातच. शिवाय आयत मोजण्याची शिस्त ॲडम्स यांना आजाराने दिली नव्हती. ती विज्ञानाने दिली होती. आजाराने त्या शिस्तीला कदाचित नवी वाट दाखवली, आणि शेवटी त्यांची वाचा नेली. वर्गात ही गोष्ट सांगताना आपण दोन्ही बाजू सांगायला हव्यात.